ओवीत मावणारे दुःख

नोव्हेंबर महिना जवळ आला की आमच्याकडे येणाऱ्या टपालाचे रूप पालटते. एरवी लेख येतात, प्रवासवर्णने येतात, कुणाच्या सुवर्णमहोत्सवाची हकिगत येते. ऑक्टोबर उजाडला की मात्र चार-चार, सहा-सहा ओळींच्या कविता येऊ लागतात. २ नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस. कबरी धुऊन झाल्या, फुले वाहून झाली, मेणबत्त्या विझल्या, की घरी परतलेल्या माणसाच्या मनात जे उरते ते कागदाच्या चिठोऱ्यावर उतरते आणि आमच्यापर्यंत पोचते. अलीकडे तर बहुधा मोबाइलवरच पोचते. आईची विळी, वडिलांची सायकल, विहिरीवरचा थांबलेला रहाट, धाकट्याचे खुंटीला लटकलेले दप्तर असे त्यांचे विषय असतात. कवितांच्या जोडीला आता दहा-बारा वाक्यांच्या गोष्टीही येतात. त्यांतही कुणीतरी गेलेले असते आणि घरातली एखादी वस्तू मागे राहिलेली असते.

या लिखाणाचे करावे काय, हा प्रश्न आमच्या संपादकीय बैठकीत दरवर्षी निघतो आणि दरवर्षी अर्धवट राहतो. आमच्यातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे मत असे की, ही कविता नव्हे, ही श्रद्धांजलीची जाहिरात आहे. दुसऱ्या एकांचे म्हणणे, हल्ली माणसाला सवड नाही, वाचणाऱ्याला नाही आणि लिहिणाऱ्याला तर मुळीच नाही; म्हणून दुःखही आखूड झाले. हे दुसरे मत ऐकायला बरे वाटते. आम्हीही ते बरीच वर्षे बाळगून होतो. त्याच मताच्या भरात दोन वर्षांपूर्वी आमच्या हातून एक चूक घडली. एका बाईंनी वहीच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेली चार ओळींची कविता आणून दिली होती. आम्ही तिच्यावर ‘विषय चांगला, थोडे विस्ताराने लिहावे’ असा शेरा मारून ठेवला. रविवारी मिस्सा सुटल्यावर बाई आल्या. त्यांनी वाद घातला नाही. एवढेच म्हणाल्या, ‘मग माझा कागद परत द्या, माझ्याजवळ दुसरी प्रत नाही.’ कागद शोधला, तो सापडला नाही. आजतागायत सापडलेला नाही.

त्या दिवसापासून हा विषय आमच्या डोक्यातून जात नाही. दुःख थोडक्यात सांगण्याची रीत खरोखरच घाईच्या काळाची आहे काय, हे तपासून पाहावे असे वाटू लागले. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

शोध घेताना आम्ही थेट बाराव्या शतकात जाऊन पोचलो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ नावाचा एक विश्वकोशासारखा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात गाण्यांचे प्रकार सांगताना, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद त्याने केली आहे. राजाच्या दरबारात हत्ती, घोडे, रत्ने, पाकशास्त्र यांची चर्चा चाललेली, आणि त्यात उखळापाशी उभ्या असलेल्या बाईच्या गाण्याला एक ओळ मिळालेली! पुढे १२९० साली ज्ञानेश्वरांनी गीतेवरील आपले भाष्य सुमारे नऊ हजार ओव्यांत सांगितले, तेव्हा ग्रंथाला प्रतिष्ठा मिळाली. परंतु छंद आधी बाईच्या तोंडी होता, हे विसरता येत नाही.

ओवी लहान का, याचे उत्तर जात्याजवळ बसल्याशिवाय कळत नाही. आमच्या पिढीतील पुष्कळांनी आजीला दळताना पाहिले आहे. पहाटेचा काळोख, घरातील माणसे निजलेली, दोघी समोरासमोर बसलेल्या, दोघींचे हात एका खुंट्यावर. एक जण मूठ-मूठ धान्य पाळीत घालते. जाते ओढताना श्वास लागतो, आणि त्या श्वासात जेवढे मावते तेवढेच गाता येते. पहिली ओळ एकीने म्हणायची, दुसरीने ती उचलायची; तेवढ्यात पुढची ओळ मनात जुळून येते. घरोघरच्या ओव्या दोन ओळींच्या का झाल्या याचा असा शरीराशी संबंध आहे. सवडीचा प्रश्न तेव्हाही होताच, पण तो आपण समजतो तसा नव्हता. दळण संपेपर्यंतचा वेळ हाच काय तो त्या बाईचा स्वतःचा वेळ असे. सासू निजलेली आहे, दादला निजलेला आहे, जात्याच्या घरघरीत आवाज बुडून जातो आहे; अशा वेळी माहेरची आठवण, मेलेले लेकरू, परतून न आलेला भाऊ यांच्याविषयी बोलता येत असे. दिवसा ते बोलायची सोय नव्हती.

त्या ओव्यांची बांधणीही पाहण्यासारखी आहे. पहिल्या ओळीत बहुधा डोळ्यांसमोरची गोष्ट असते: अंगणातली तुळस, वाटेवरची बाभूळ, चुलीवरचे दूध. दुसऱ्या ओळीत कुणाला तरी हाक असते. दोहोंच्या मध्ये जी फट राहते तिच्यात दुःख असते. ते उघड सांगितलेले नसते. बाईला ज्याचा उच्चार करता येत नाही ते ती त्या फटीत ठेवते आणि समोरची बाई ते बरोबर उचलते, कारण तिच्याही घरी तेच घडलेले असते.

या ओव्या कागदावर उतरवून घेण्याचे काम साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये केले. त्याहून कितीतरी मोठ्या प्रमाणावर ते पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रेंच, पण पुण्यात स्थायिक होऊन भारतीय नागरिक झालेले गी पॉइतवाँ (१९३४–२००४) यांनी केले. १९८० च्या दशकात मुळशीच्या डोंगराळ भागातून आरंभ करून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून हा साठा ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात क्रमाक्रमाने सर्वांना खुला होत गेला. एक लाख हा आकडा आम्ही पुनःपुन्हा वाचला. यांतील बहुतेक बायांनी कधी पाटीपेन्सिल हाती धरली नसेल. आणि हे संकलन सुरू झाले तेव्हा गावोगाव पिठाच्या गिरण्या येऊन पुष्कळ वर्षे झाली होती. जाती कोपऱ्यात उभी करून ठेवलेली होती. गिरणीने बाईच्या खांद्यांची वेदना वाचवली याबद्दल कुणी तक्रार करू नये. ज्यांना ओव्या गेल्याचे फार वाईट वाटते त्यांनी चार दिवस पहाटे पायलीभर ज्वारी दळून पाहावी. मात्र गिरणीच्या रांगेत उभे राहून रडता येत नाही, हेही खरे.

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे उदाहरण वाचकांना ठाऊक आहे. खानदेशातील या शेतकरी बाईला तिशीच्या सुमारास वैधव्य आले. अक्षरओळख नव्हती. घरकाम आणि शेतकाम करता करता ओठांवर येई ते त्या म्हणत. मुलगा सोपानदेव आणि घरातील इतरांनी त्यातले काही टिपून ठेवले. त्या वारल्या आणि पुढच्याच वर्षी, १९५२ साली, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती गाणी पुस्तकरूपाने आली. जे टिपले गेले नाही ते त्यांच्याबरोबर गेले. हरवलेल्या कागदाची आठवण आम्हांस येथेही होते.

आपल्या वाचकांना फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव येथे आठवल्याशिवाय राहणार नाही. इंग्लंडात १५४९ मध्ये जन्मलेले हे येशूसंघीय धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात उतरले, आणि १६१६ साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ कोणत्याही अर्थाने लहान नाही. तरी आमच्या विषयाशी त्याचा एक धागा जुळतो. ग्रंथाच्या आरंभी एक नवख्रिस्ती गृहस्थ पाद्रींना विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे काही का देत नाही? हा प्रश्नही एका हानीचाच आहे. ज्यांच्या घरातील ओळखीचे शब्द गेले होते त्यांना स्टीफन्स यांनी लॅटिन किंवा पोर्तुगीज छंद दिला नाही, त्यांची ओवीच परत दिली. ही गोष्ट साधी वाटते, पण त्या काळाचा गोवा डोळ्यांपुढे आणला म्हणजे तिचे मोल कळते.

आता विसाव्या शतकाकडे वळू. मराठी आधुनिक कवितेत शोकाचा सूर ज्यांच्या घरात सर्वांत जास्त घुमला ते घर म्हणजे टिळकांचे. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) आणि लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) या दांपत्याला आपण प्रॉटेस्टंट म्हणून थोडेसे दूर ठेवीत आलो, हे आमचे जुने गाऱ्हाणे आहे. पण ते असो. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यापुढची सुमारे पाच वर्षे नवरा जिवंत असताना लक्ष्मीबाईंनी वियोग भोगला. मुलांची मरणे त्या दोघांनीही पाहिली. टिळक हे कवी; पुत्रशोकावर त्यांनी ‘बापाचे अश्रू’ ही विलापिका लिहिली. तिला त्या काळच्या काव्याचा सारा साज आहे. लक्ष्मीबाईंचे तसे नव्हते. त्यांना शाळेचे शिक्षण नव्हते. टिळकांच्या मृत्यूनंतर दीड दशकाने, १९३४ ते १९३६ या काळात त्यांची ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध झाली.

‘स्मृतिचित्रे’ हे जाडजूड आत्मचरित्र म्हणून ओळखले जाते. आम्ही मात्र आमच्या तरुण लेखकांना नेहमी सांगतो की, ते लहान लहान गोष्टींची माळ म्हणून वाचा. वडिलांचे सोवळ्याचे वेड, मीठसुद्धा धुऊन घेणारे. टिळकांचे घरातून न सांगता नाहीसे होणे. शेजारणीचे एखादे बोलणे. एकेक प्रसंग पान-दीड पानात संपतो. बाई आधी हसवतात. हसता हसता आपण वाक्याच्या टोकाला येतो आणि तेथे काहीतरी गेलेले असते. त्या शोकाला विशेषण लावीत नाहीत आणि थांबतही नाहीत. पुढच्या परिच्छेदात पुन्हा चूल, भांडी, उधारी, पाहुणे. ज्या घरात दुसऱ्या दिवशी स्वयंपाक करावाच लागतो त्या घरातल्या बाईने लिहिलेले ते पुस्तक आहे. आज ज्याला सूक्ष्मकथा म्हणतात त्यातली उत्तम वळणे लक्ष्मीबाईंनी कोणत्याही शाळेत न शिकता घेतली होती. आमच्या मते त्यांची खरी शाळा ओवीच होती.

याच घरात काही काळ राहिलेला एक मुलगा म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्याला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. १९१८ च्या मे महिन्यात भादली स्थानकाजवळ रेल्वेगाडीखाली सापडून तो गेला, तेव्हा अठ्ठावीस वर्षांचाही नव्हता. दुसऱ्या वर्षी त्याच महिन्यात टिळक गेले.

तो काळच तसा होता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढे कित्येक वर्षे तो गावोगाव फिरत राहिला. केशवसुतांसारखा कवी १९०५ मध्ये हुबळीस त्यालाच बळी पडला. १९१८ च्या तापसरीने तर हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. एका घरातून आठवड्यात तीन तिरड्या निघाव्यात, अशा त्या दिवसांत मराठी गद्यात एक नवा, अगदी लहानसा प्रकार जन्मला. त्याचा जनक पुण्यातील एक शाळामास्तर. नाव शंकर काशीनाथ गर्गे, टोपणनाव ‘दिवाकर’ (१८८९–१९३१).

दिवाकरांनी १९११ मध्ये पहिली नाट्यछटा लिहिली. इंग्रज कवी ब्राउनिंग याच्या एकमुखी भाषणांच्या कविता त्यांनी वाचल्या होत्या. त्यांवरून त्यांना ही कल्पना सुचली. एकच माणूस बोलतो आहे. समोर कोण आहे, ते काय म्हणाले, दारात कोण आले, हे सारे त्याच्याच बोलण्यातून आपण ताडायचे. वर्णन नाही, लेखकाचे भाष्य नाही. एक-दोन पानांत सारे संपते. त्यांनी अशा एकूण एक्कावन्न नाट्यछटा लिहिल्या. मोठी कादंबरी नाही, जाड ग्रंथ नाही. एवढ्याशा लिखाणावर त्यांचे नाव मराठीत टिकले.

‘पंत मेले – राव चढले’ ही त्यांची नाट्यछटा पुष्कळांना शाळेतील पाठ्यपुस्तकातून ठाऊक असेल. नाटकाचे चार अंक ज्याला लागले असते ते चार शब्दांच्या शीर्षकात आहे. कचेरीत एक माणूस मरतो आणि त्याची खुर्ची दुसऱ्याला मिळते. यात कुणी दुष्ट नाही. ज्याला बढती मिळाली त्याच्याही घरी लेकरे आहेत, त्यालाही भाडे द्यायचे आहे. त्याचा आनंद खोटा नाही, आणि तो आनंद खोटा नाही म्हणूनच आपल्याला गुदमरल्यासारखे होते. मरणाचा असा हिशेब मराठीत त्याआधी कुणी मांडला असल्यास आम्हांस आठवत नाही. कीर्तनातून मरण येई ते देहाच्या नश्वरतेचा दाखला म्हणून. नाटकांतून येई ते पाचव्या अंकाच्या शेवटी. दिवाकरांनी ते महिन्याच्या पगाराच्या शेजारी आणून ठेवले.

आमच्या धर्मग्रामातील स्नेहसंमेलनांत मुले अजून नाट्यछटा करतात. शाळांच्या स्पर्धांमध्येही तो प्रकार आहे. पण तेथे नाट्यछटा म्हणजे हातवारे आणि मोठा आवाज असे समीकरण होऊन बसले आहे. परीक्षक म्हणून बसण्याचा प्रसंग आमच्यावर अनेकदा आला, आणि प्रत्येक वेळी मनात येई की, या मुलांना कुणीतरी एकदा आवाज खाली आणून वाचून दाखवावे. दिवाकरांचा माणूस बहुधा घरातच बोलत असतो. त्याला गर्दीला ऐकवायचे नसते.

याच सुमारास मासिकांतून लहान गोष्टीला ‘स्फुट गोष्ट’ म्हणत असत. हरिभाऊ आपटे यांनी आपल्या ‘करमणूक’ पत्रातून (१८९०) ती रुळविली होती. मात्र ती गोष्ट आजच्या मानाने लांब होती. खऱ्या अर्थाने आखूड कथा आणली ती वि. स. खांडेकरांच्या रूपककथेने. खांडेकरांनी लेबनॉनच्या डोंगरातील एका मॅरोनाइट ख्रिस्ती घरात जन्मलेल्या खलील जिब्रानच्या लहान कथा ‘सुवर्णकण’ या पुस्तकातून मराठीत आणल्या. रूपककथांविषयी आमचे मत थोडे कोरडे आहे. तिच्यात फूल बोलते, दगड बोलतो, दीप बोलतो, आणि सर्व जण शहाण्यासारखे बोलतात. कुणी मेले तरी बोध होतो. दुःखाची अडचण अशी की, बहुतेक वेळा त्यातून बोध होत नाही.

याच्या अगदी उलट टोकाला सआदत हसन मंटो. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वर्षानुवर्षे वावरलेला हा उर्दू लेखक १९४८ च्या जानेवारीत लाहोरला गेला आणि त्याच वर्षी त्याचे ‘सियाह हाशिये’ हे छोटेसे पुस्तक निघाले. फाळणीच्या कत्तलींवरील या गोष्टींपैकी काही दोन-तीन वाक्यांच्या आहेत. तेव्हा काही टीकाकारांनी, एवढ्या मोठ्या संहाराची ही चेष्टा आहे, असे म्हटले. ज्याने त्या गोष्टी एकदा वाचल्या त्याला ती चेष्टा वाटणार नाही. लांब लिहिले असते तर वाचणाऱ्याला मध्येच डोळे पुसून घ्यायला अवसर मिळाला असता. मंटोने तो ठेवला नाही.

जाता जाता एक गैरसमज दूर केलेला बरा. अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वे याने न वापरलेल्या बाळबुटांवर सहा शब्दांची गोष्ट लिहून पैज जिंकली, ही हकिगत आपल्याकडे भाषणांतून फार सांगितली जाते. ती गोष्ट त्याची असल्याचा काहीही पुरावा नाही. त्या आशयाचा मजकूर तो शाळेत जाणारा मुलगा असतानाच वर्तमानपत्रांत छापून गेला होता. मेलेल्या लेकराच्या वस्तू विकायला काढणाऱ्या आईबापांचे ते दुःख एका प्रसिद्ध माणसाच्या पैजेत रूपांतरित व्हावे, याचा आम्हांस थोडा रागच येतो.

कवितेच्या बाजूला आणखी एक नवी वाट जपानातून आली. रवींद्रनाथ ठाकुर १९१६ मध्ये जपानला गेले तेव्हा तेथील तीन ओळींच्या हायकूने ते चकित झाले. आपल्या प्रवासवर्णनात त्यांनी बाशोच्या हायकूंची बंगाली रूपे दिली. मराठीत हायकू रुजविली ती १९७० च्या दशकात शिरीष पै (१९२९–२०१७) यांनी. आचार्य अत्रे यांच्या या कन्या. वडिलांनी बहिणाबाईंच्या गाण्यांची वाचकांशी गाठ घालून दिली, मुलीने हायकूची. जपानी हायकूत पाच, सात, पाच अशा सतरा ध्वनींचा हिशेब असतो. मराठीने तो काटेकोरपणे पाळला नाही. तीन ओळी ठेवल्या आणि त्यांतल्या दोहोंत यमक जुळवले. पंडितांनी यावर आक्षेप घेतले. आमच्या कानाला मात्र ते यमक ओवीच्या वळणाचे वाटते, आणि म्हणून परके वाटत नाही.

हायकू म्हणजे निसर्गाचे गोड चित्र, असा समज आहे. ज्यांचा तसा समज असेल त्यांनी कोबायाशी इस्सा (१७६३–१८२८) या कवीचे चरित्र पाहावे. बालपणीच आई गेली, सावत्र आईशी पटले नाही. पन्नाशी उलटल्यावर संसार मांडला, तर पहिल्या बायकोपासून झालेली चारही मुले एकामागून एक गेली. १८१९ मध्ये सातो नावाची त्याची जेमतेम वर्षाची मुलगी देवीच्या रोगाने वारली. त्या वर्षाची हकिगत त्याने ‘ओरागा हारु’ या गद्यपद्यमिश्र पुस्तकात लिहून ठेवली. आधी तो मुलीच्या खोड्या सांगतो, तिचे टाळ्या पिटणे, तिचे हसणे, मग आजार, आणि मग तीन ओळी. त्या तीन ओळींत तो म्हणतो ते एवढेच की, सारे क्षणभंगुर आहे हे मला ठाऊक आहे, आणि ठाऊक असूनही... तेथे तो थांबतो. धर्माने शिकवलेले सारे खरे मानून पुढचा शब्द न सापडणारा बाप आम्ही आमच्याच स्मशानभूमीत कितीदा तरी पाहिला आहे. लाजराच्या थडग्यापाशी जे घडले ते योहानाने आपल्या शुभवर्तमानात किती शब्दांत सांगितले, हे वाचकांनी अकराव्या अध्यायातील पस्तिसावे वचन उघडून पाहावे.

त्यानंतरचा इतिहास अलीकडचा आहे आणि तो भराभर सांगता येतो. १९९० च्या दशकाच्या आरंभी चंद्रशेखर गोखले यांच्या ‘मी माझा’मुळे चारोळी घराघरांत गेली, कॉलेजातील मुले ती वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेऊ लागली. पुढे संगणकावर शंभर शब्दांत बसवायची शतशब्दकथा आली, आणि मोबाइलवर ‘अलक’ आली. अलक म्हणजे अति लघु कथा. २०२० आणि २०२१ या महामारीच्या दोन वर्षांत या लिखाणाला ऊत आला, यात नवल नाही. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती, कित्येकांना तेवढीही मिळाली नाहीत. सांत्वनाला जायचे नाही, गळ्यात पडायचे नाही. जात्याजवळ जशी एक समोर बसलेली असे तशी कुणीतरी समोर असावी म्हणून माणसे रात्री-अपरात्री चार ओळी लिहून पाठवू लागली.

यातले पुष्कळ लिखाण कच्चे आहे, हे आम्ही मान्य करतो. अलक लिहिणाऱ्यांना शेवटच्या वाक्यात धक्का देण्याचा नाद लागला आहे. आजी शेवटी मेलेली निघते, पत्र शेवटी वीस वर्षांपूर्वीचे निघते. दोनदा वाचले की तिसऱ्यांदा धक्का बसत नाही. चारोळीत ‘अश्रू’ आणि ‘आठवण’ हे शब्द इतके झिजले आहेत की त्यांवर नाण्याचा छाप दिसेनासा झाला आहे. जी बाई जात्यावर बसत असे तिने अश्रू हा शब्द क्वचितच वापरला. तिने दुधाचे भांडे सांगितले, उंबरठा सांगितला. नव्या लेखकांना काही सांगायचे असेल तर आम्ही हेच सांगू. पण हा कच्चेपणा लांबीचा दोष नाही. लांबलचक श्रद्धांजलीपर लेख आम्ही याहून कितीतरी जास्त परत केले आहेत. आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना हे सारे वाचून दाखविले. ‘जाहिरात’ हा शब्द त्यांनी मागे घेतला, पण मत बदलले आहे असे म्हणाले नाहीत.

आता त्या हरवलेल्या कागदाविषयी. कविता होती ती एका गजराच्या घड्याळावर. बाईंचे पती फुलांच्या करंड्या घेऊन पहाटेच्या पहिल्या गाडीने दादरच्या बाजारात जात असत. त्यासाठी घड्याळ तीन वाजता वाजावे अशी चावी रोज रात्री देऊन ठेवावी लागे. पती वारले. पहिल्या ओळीत घड्याळ होते, दुसरीत चावी देणारा हात होता, आणि तिसरीत, अजूनही रोज चावी दिली जाते, असे काहीसे होते. एवढे आमच्यापैकी दोघांना नक्की आठवते. चौथी ओळ, म्हणजे पहाटे तीनला गजर झाल्यावर त्या काय करतात ते, कुणालाच आठवत नाही. या लेखाच्या निमित्ताने आम्ही बाईंच्या घरी गेलो आणि विचारले. त्यांनी बराच वेळ आठवून पाहिले. मग म्हणाल्या की, शब्द तसेच्या तसे आता त्यांनाही येत नाहीत, आणि घड्याळ थोरल्या मुलाने माळ्यावर ठेवून दिले आहे.